शस्त्राची निगा, सैन्याचा भरवसा : ईएमई दलाची वाटचाल

भारतीय लष्करात दरवर्षी १५ ऑक्टोबर हा दिवस ईएमई दलाचा स्थापना दिन म्हणून साजरा होतो. कोअर ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स हे या दलाचे पूर्ण नाव, आणि ‘कर्म ही धर्म’ हे ब्रीदवाक्य. रणगाडे, तोफा, रडार, वाहने, क्षेपणास्त्रे, दुर्बिणी अशी लष्कराची बहुतेक सर्व यंत्रसामग्री दुरुस्त आणि सज्ज ठेवण्याची जबाबदारी या दलावर आहे. या मोठ्या पसाऱ्यात संख्येने सर्वांत मोठी आणि प्रत्येक पायदळ जवानाच्या हाती असलेली वस्तू म्हणजे रायफल. दलातील जुन्या कसबांपैकी एक कसब हे रायफलीच्या निगेचे, म्हणजे आर्मोररचे आहे. आठ दशकांहून अधिक काळाच्या या वाटचालीचा आढावा रायफलीच्या अंगाने घेतला, तर दलाचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो.

पूर्वपीठिका

हिंदुस्थानात लष्करी शस्त्रास्त्रांची संघटित व्यवस्था १७७५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ ऑर्डनन्सपासून सुरू झाली. शस्त्रे साठवणे, वाटणे आणि दुरुस्त करणे ही तिन्ही कामे पुढे दीर्घकाळ ऑर्डनन्स खात्याकडेच राहिली. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी जुने शस्त्र देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. जुनी हत्यारे चालती ठेवण्याचे काम त्यामुळे हिंदी पलटणींच्या वाट्याला अधिकच आले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला आणि रायफलीच्या काडतुसांच्या उत्पादनाचे ते एक प्रमुख ठाणे बनले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याजवळ ईशापूर येथे रायफल कारखाना सुरू झाला. त्यामुळे काडतूस आणि रायफल दोन्ही देशात बनू लागली. यातील रायफल म्हणजे पॉइंट ३०३ बोअरची शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. दहा गोळ्यांचे मॅगझिन, हाताने मागे-पुढे होणारा बोल्ट, नळीत डावीकडे वळणाऱ्या पाच खाचा आणि सुमारे चार किलो वजन असलेल्या या रायफलीने पुढची पन्नास वर्षे हिंदी पायदळाची साथ केली.

पहिल्या महायुद्धात निगेचा प्रश्न प्रथमच मोठ्या प्रमाणावर पुढे आला. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर डिव्हिजनच्या तुकड्या फ्रान्समधील मार्से बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली बदलून त्यांना नव्या धर्तीच्या रायफली द्याव्या लागल्या, कारण आघाडीवरचा दारूगोळा नव्या धर्तीचा होता. पाठोपाठ फ्लँडर्सच्या खंदकांतला चिखल आणि मेसोपोटेमियातली बारीक धूळ या दोन शत्रूंशी पलटणींची गाठ पडली. चिखल नळीच्या तोंडात शिरला आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. धूळ बोल्टाच्या खाचेत बसली, तर बोल्ट अडतो. बोल्टावर कापडी झडप बांधणे, नळीचे तोंड झाकणे आणि गोळी झाडण्यापूर्वी ते न विसरता उघडणे या सवयी सैनिकांना खंदकांनीच लावल्या. युद्धानंतर, १९२२ मध्ये, इंडियन आर्मी ऑर्डनन्स कोअर अस्तित्वात आली आणि शस्त्रदुरुस्तीचे काम तिच्या कार्यशाळांकडे आले.

जवानाच्या हाती पहिली निगा

रायफलीची पहिली निगा राखतो तो जवान स्वतः. दलाच्या साऱ्या व्यवस्थेचा पाया हाच आहे. पॉइंट ३०३ च्या दस्त्याच्या मागील टोकाला पितळी झाकणाखाली एक पोकळी असे. तीत तेलाची लहान पितळी बाटली आणि पुलथ्रू ठेवलेला असे. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. तिला तीन फासे असत. वजनाजवळच्या फाशात तारेची जाळी, मधल्यात फ्लॅनेलची चिंधी बसवायची आणि शेवटचा फासा अडकलेला पुलथ्रू मागे ओढून काढण्यासाठी राखून ठेवायचा. साफसफाईसाठी चिंधी चार इंच लांब आणि दोन इंच रुंद, तर तेल लावण्यासाठी तीच चार इंच लांब आणि दीड इंच रुंद, हे माप ठरलेले होते. तेल लावण्याची चिंधी अरुंद असली म्हणजे ती नळीतले तेल पुसून काढत नाही, ते पसरवते. वजन चेंबरच्या बाजूने सोडायचे आणि दोरी नळीच्या तोंडातून सरळ रेषेत ओढायची. दोरी तिरकी ओढली, तर वर्षानुवर्षांच्या घर्षणाने नळीच्या तोंडावर चर पडतो आणि नेम बिघडतो. चार इंच चिंधीच्या या शिस्तीवर रायफलीचे आयुष्य अवलंबून होते.

गोळीबारानंतरच्या सफाईमागे रसायनशास्त्र होते. त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडल्यावर त्याचे क्षार नळीच्या आत चिकटून राहत. मिठाप्रमाणेच ते हवेतला दमटपणा शोषून घेत आणि एका रात्रीत पोलादावर गंज चढे. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची पद्धत होती. पाण्याने क्षार वाहून जात, नळी तापल्यामुळे ओलावा आपोआप उडून जाई, मग चिंधी फिरवून तेलाचा हात दिला जाई. पुढचेही काही दिवस नळी पुन्हा पुसून तपासावी लागे. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळले जाई, म्हणजे लाकूड पाणी पीत नसे. रोजची सफाई, गोळीबारापूर्वीची, गोळीबाराच्या दरम्यानची आणि गोळीबारानंतरची ही चार टप्प्यांची घडी पलटणींत बसली आणि पुढे एनसीसीच्या वर्गांपर्यंत पोहोचली.

१९३९ ते १९४३ : युद्ध आणि दलाचा जन्म

दुसऱ्या महायुद्धाने सारेच प्रमाण बदलले. १९३९ मध्ये सुमारे दोन लाखांचे असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले. जनावरांच्या जागी ट्रक आले, बिनतारी यंत्रे आली, रणगाडे आले. ते चालवणाऱ्यांपेक्षाही दुरुस्त करणाऱ्यांची टंचाई अधिक होती. १९४० पासून युद्धकालीन तंत्रशिक्षणाच्या योजनेतून देशातील तंत्रशिक्षण संस्थांत फिटर, टर्नर, लोहार आणि इलेक्ट्रिशियन घडवले गेले. १९४१ पासून ‘बेव्हिन’ प्रशिक्षण योजनेखाली हिंदी कामगार ब्रिटनमधील कारखान्यांत शिकायला गेले. गावच्या लोहाराचा मुलगा, गिरणीतला जॉबर, रेल्वे वर्कशॉपमधला फिटर अशा अनेकांचे हात या काळात लष्कराला लागले.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात चौथ्या हिंदी डिव्हिजनला पहिल्या महायुद्धाच्या खंदकांहून वेगळी अडचण आली. तेल लावलेल्या बोल्टावर वाळू चिकटे आणि तेल-वाळूच्या मिश्रणाने पोलाद झिजत जाई. म्हणून वाळवंटात फिरते भाग कोरडे पुसून ठेवायचे, तेलाचा वापर जवळजवळ बंद ठेवायचा आणि बोल्ट झाकून ठेवायचा असा नियम झाला. एकच रायफल, पण जागा बदलली की निगेची रीत उलटी होते, हा धडा पुढे ब्रह्मदेशात पुन्हा नव्याने शिकावा लागला.

दरम्यान ब्रिटनमध्ये सर विल्यम बेव्हरिज यांच्या समितीने सैन्यातील कुशल कारागिरांच्या विखुरलेल्या वापरावर बोट ठेवले होते. दुरुस्तीचे तंत्रज्ञ अनेक खात्यांत वाटले गेले होते आणि त्यांचे कौशल्य वाया जात होते. त्यातून १ ऑक्टोबर १९४२ रोजी तेथे रॉयल इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स हे स्वतंत्र दल स्थापन झाले आणि मेजर जनरल बर्ट्रम रोक्रॉफ्ट त्याचे पहिले प्रमुख झाले. हिंदुस्थानातही तोच मार्ग स्वीकारला गेला. १ मे १९४३ रोजी इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलाची उभारणी सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९४३ रोजी कार्यशाळा ऑर्डनन्स कोअरपासून वेगळ्या होऊन नव्या दलाकडे आल्या. साठवण आणि पुरवठा ऑर्डनन्सकडे, दुरुस्ती आणि तपासणी नव्या दलाकडे अशी कामाची वाटणी झाली. पायदळाच्या पलटणीतील आर्मोरर आता या नव्या दलाचा माणूस झाला. या दलातील शिपायाला ‘क्राफ्ट्समन’ म्हणजे कारागीर हे पदनाम मिळाले, ते आजही कायम आहे.

ब्रह्मदेशाच्या पावसात कसोटी

दल वर्षभराचेही नव्हते, तेव्हा मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपूरवर चालून आले. सांगशाक येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीने पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडच्या सोबतीने शत्रूला अडवून धरले. पाठोपाठ कोहिमा आणि इंफाळचा संग्राम झाला आणि त्याच काळात पाऊस सुरू झाला. आसाम-मणिपूरच्या पावसात सायंकाळी पुसून ठेवलेल्या नळीवर सकाळी तांबूस थर दिसे. लाकडी दस्ता पाणी पिऊन फुगे, नळीवर दाब येई आणि बसवलेला नेम सरके. चामडी पट्टे बुरशीने सडत, काडतुसांचे पितळ काळे पडे.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निगेची रीत वाळवंटाच्या उलट होती. तेल कमी करायचे नव्हते, सतत द्यायचे होते. दिवसातून अनेकदा चिंधी फिरवणे, रात्रीही रायफल जमिनीवर न ठेवता अंगाशी ठेवणे आणि दस्त्याच्या आतील बाजूलाही जवसाचे तेल मुरवणे ही कामे लढाईच्या दिनक्रमात आली. ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेल्या दस्त्यांना आडवा मजबुतीचा स्क्रू दिला जाई, त्यामुळे उष्ण-दमट हवेत दस्ता फाटण्यास आळा बसे. झिजलेल्या रायफली टाकून दिल्या जात नसत. नळीभोवतालच्या लाकडाला तांब्याची तार आवळून गुंडाळून त्यांना हातबॉम्ब फेकण्याच्या कामी लावले जाई. कमी साधनांत काम निभावून नेण्याची ही वृत्ती दलाच्या अंगवळणी पडली.

याच काळात दुरुस्तीच्या पायऱ्या पक्क्या झाल्या. पहिली पायरी जवानाची आणि पलटणीच्या आर्मोररची. दुसरी ब्रिगेडच्या मागे उभ्या असलेल्या फिरत्या कार्यशाळेची. तिसरी डिव्हिजन आणि कोअरच्या मागील कार्यशाळांची. शेवटची पायरी मुख्य तळावरच्या बेस वर्कशॉपची. दुरुस्ती शक्य तितकी पुढे, म्हणजे लढणाऱ्या जवानाच्या जवळ, व्हावी हे तत्त्व ठरले. मागे पाठवलेल्या रायफलीला पलटण कित्येक आठवडे मुकत असे, जागेवर सुधारलेली रायफल त्याच रात्री पहाऱ्यावर उभी राहत असे. जी जागेवर सुधारणे शक्य नसे, तिच्यावर ‘बीएलआर’, म्हणजे स्थानिक दुरुस्तीच्या पलीकडची, अशी नोंद होऊन ती मागे जाई. जिच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नसे, ती ‘बीईआर’ ठरून तिचे चालते भाग दुसरीच्या कामी येत.

आर्मोररचे टेबल

पलटणीतील कोत, म्हणजे शस्त्रागार, हे आर्मोररचे कार्यक्षेत्र. त्याच्या टेबलावरची हत्यारे मोजकी असत : कानस, स्क्रू ड्रायव्हर, पाना, नळीचे गेज आणि काही ठरावीक मापक. पॉइंट ३०३ रायफलीच्या चेंबरमध्ये बोल्टाचे तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती जागा यांमधील अंतर दोन गेजांनी तपासले जाई. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर बंद होता कामा नये. दुसऱ्या गेजवर बोल्ट बंद झाला, तर अंतर वाढले आहे आणि गोळी झाडताना पितळी काडतूस फाटून गरम वायू जवानाच्या चेहऱ्यावर येण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून रायफलीच्या मुख्य भागावरचा क्रमांक बोल्टावरही कोरलेला असे आणि बोल्टांची अदलाबदल करण्यास सक्त मनाई होती. एका दमात दहा रायफली उलगडून साफ करणाऱ्या रंगरूटाला हा नियम पहिल्याच दिवशी शिकवला जाई.

ट्रिगरचे काम याहून नाजूक. पॉइंट ३०३ चा ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो. पहिल्या टप्प्याचा ताण तीन ते चार पौंड, दुसऱ्याचा पाच ते सहा पौंड असावा लागे. ताण कमी भरला तर रायफल अवेळी सुटे, जास्त भरला तर नेम हले. वजन लटकवून ताण मोजणे आणि कानसीच्या दोन-तीन हातांनी पृष्ठभाग जुळवणे हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येई. नेम डावी-उजवीकडे जात असेल, तर पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, सरकवायची. वर-खाली जात असेल, तर वेगळ्या उंचीची माशी बसवायची. ही सर्व कामे करून आर्मोरर रायफल परत करी, तेव्हा ती पुन्हा एका माणसाच्या जिवाची हमी झालेली असे.

स्वातंत्र्य, फाळणी आणि नवी उभारणी

१९४७ मध्ये सैन्याची फाळणी झाली आणि तिचा सर्वांत जड भार तांत्रिक दलांवर पडला. ब्रिटिश अधिकारी गेले, साहित्य वाटले गेले आणि सीमेपलीकडे राहिलेल्या कार्यशाळा पाकिस्तानकडे गेल्या. सुट्या भागांचा तुटवडा आणि अनुभवी अधिकाऱ्यांची टंचाई असतानाच ऑक्टोबर १९४७ मध्ये जम्मू-काश्मीरची लढाई सुरू झाली. पुढील वर्षी १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले. हे रणगाडे जम्मूहून श्रीनगरपर्यंत नेताना पूल पेलावेत आणि गुप्तता राहावी म्हणून त्यांचे बुरूज उतरवून नेले गेले होते. अशा मोहिमांत कुशल कारागिरांचे मोल सर्वांना कळले.

स्वातंत्र्यानंतर दलाच्या नावातील ‘इंडियन’ हे उपपद गळाले आणि ईएमई हे सुटसुटीत नाव रूढ झाले. मेजर जनरल हरकिरत सिंग हे त्याचे पहिले भारतीय संचालक. सिकंदराबादचे प्रशिक्षण केंद्र आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, तसेच बडोद्याचे ईएमई स्कूल ही दलाची शिक्षणाची मुख्य ठाणी झाली. दिल्ली, आग्रा, मेरठ, जबलपूर, अलाहाबाद, बंगळुरू आणि खडकी येथील बेस वर्कशॉपांतून मोठ्या दुरुस्तीची साखळी उभी राहिली. खडकीचे ५१२ आर्मी बेस वर्कशॉप हे महाराष्ट्रातील तिचे ठाणे. तेथील नागरी कामगारांच्या पिढ्यांनी, आयटीआयमधून आलेल्या तरुणांनी आणि निवृत्त जवानांनी ही परंपरा पुढे नेली. गणवेशातील क्राफ्ट्समन आणि बिनगणवेशाचा कामगार एकाच बाकावर शेजारी बसून काम करतात, हे या दलाचे जुने वैशिष्ट्य आहे.

१९६२ नंतर

१९६२ च्या चीन युद्धाने जुन्या रायफलीची मर्यादा उघडी केली. ईशान्येच्या बर्फाळ कड्यांवर भारतीय जवान बोल्ट ओढून गोळी भरणाऱ्या पॉइंट ३०३ नेच लढले, समोरच्या सैनिकांकडे अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित शस्त्रे होती. जवानांच्या शौर्यात उणीव नव्हती, शस्त्र जुने होते. युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्याने ७.६२ मिलिमीटरच्या स्वयंभरण रायफलीचे, म्हणजे एसएलआरचे, उत्पादन हाती घेतले. सोबतच पॉइंट ३०३ च्या धर्तीवर ७.६२ मिलिमीटरची बोल्ट रायफलही बनवली गेली.

नव्या रायफलीने निगेचे नवे प्रश्न आणले. एसएलआरमध्ये गोळीमागचा वायू नळीतून बाजूला घेऊन त्याच्या जोरावर पुढची गोळी भरली जाते. त्यामुळे काजळी गॅस सिलिंडर, पिस्टन आणि गॅस रेग्युलेटरमध्ये जमते. रेग्युलेटर नीट बसवला नाही, तर रायफल अडते किंवा तिला अकारण धक्के बसतात. आता जवानाला नळीसोबत पिस्टनही साफ करावा लागे आणि रेग्युलेटरच्या खुणा ओळखता याव्या लागत. आर्मोररला स्प्रिंगची ताकद, पिस्टनची झीज आणि मॅगझिनचे ओठ तपासावे लागत. पॉइंट ३०३ वर वाढलेल्या एका पिढीने नोकरीच्या मध्यावर हे नवे कसब शिकून घेतले.

१९६५ च्या युद्धात दलाच्या एका मराठी क्राफ्ट्समनच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. पोहण्याचा सराव करत त्यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दलाच्या अभिमानाच्या यादीत त्यांचे नाव वरच्या ओळीत आहे.

१९७१ मध्ये पूर्व आघाडीवर नद्या, खाड्या आणि भाताच्या ओल्या खाचरांतून पायदळ पुढे सरकले. पाण्यात बुडालेली एसएलआर उलगडून वाळवणे, गॅस सिलिंडर कोरडा करणे आणि पुन्हा तेल देणे ही कामे पहाऱ्याच्या सवडीत उरकावी लागत. दलाच्या दुरुस्ती तुकड्यांनीही पलटणींच्या पाठोपाठ नद्या ओलांडल्या.

साठवण आणि जतन

युद्ध संपले की शस्त्रांची निगा थांबत नाही, तिचे रूप बदलते. वापरात नसलेली रायफल वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिली, तरी हाक येताच ती चालली पाहिजे. त्यासाठी तिचे सर्व भाग सुटे करून आधी ओलावा पूर्णपणे काढला जातो. नळी, चेंबर आणि बोल्ट यांवर जाड संरक्षक ग्रीसचा थर चढतो. नंतर गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात गुंडाळून रायफली पेट्यांत रचल्या जातात. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या जातात, कोठाराच्या हवेतला दमटपणा मोजला जातो आणि ठरावीक मुदतीने पेट्या उघडून नमुना तपासला जातो. बोटाचा ठसाही पोलादाला गंज चढवतो, म्हणून हातमोजे वापरले जातात. वापरायला काढताना ग्रीस संपूर्ण उतरवावी लागते. चेंबरमध्ये तिचा थर राहिला, तर काडतूस अडकते. निकामी ठरलेल्या काही रायफलींची नळी छेदून त्या कवायतीसाठी एनसीसी आणि प्रशिक्षण केंद्रांना दिल्या जातात. कित्येक पिढ्यांच्या कॅडेटांचे हात याच जुन्या पॉइंट ३०३ वर घडले.

सियाचिन ते कारगिल

१३ एप्रिल १९८४ रोजी सियाचिन हिमनदीवर ऑपरेशन मेघदूत सुरू झाले आणि दलापुढे थंडीचा प्रश्न उभा राहिला. हिवाळ्यात पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरणाऱ्या सियाचिनवर साधे तेल घट्ट होते आणि बोल्ट मध्येच थांबतो. उघडा हात थंड पोलादाला चिकटतो. बाहेरून गरम तंबूत आणलेल्या रायफलीला घाम सुटतो. ती पुन्हा बाहेर नेली की तोच ओलावा गोठून फिरते भाग जाम करतो. म्हणून तेथे जुने तेल पूर्ण काढून टाकणे, अत्यंत थंड हवेसाठीचे वंगण अगदी पातळ लावणे आणि रायफल थंड जागीच ठेवणे अशी रीत बसली. वाळवंट, जंगल आणि हिमनदी या तीन ठिकाणांच्या तीन वेगळ्या रीती एकाच दलाने शिकवायच्या, हे त्याचे सामर्थ्य या काळात दिसून आले.

१९९० च्या दशकात देशी बनावटीची ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल पलटणींत आली. १९९९ च्या कारगिल युद्धात तिच्याबद्दल तक्रारी आल्या. कडाक्याच्या थंडीत पारदर्शक प्लास्टिकची मॅगझिन तडकत आणि गोळ्या अडकत. डोंगरमाथ्यांवर चढणाऱ्या पलटणींच्या पाठीशी उभ्या असलेल्या आर्मोररनी आणि पुढे गेलेल्या दुरुस्ती तुकड्यांनी शस्त्रे चालती ठेवली. आघाडीवरील अनुभव नोंदवून पुढील रचनांसाठी पाठवणे हे काम दलाने पार पाडले. युद्धभूमीवर शस्त्राचे खरे परीक्षण होते आणि ते कागदावर उतरवण्याचे काम दुरुस्त करणारे हातच करतात, हे या अनुभवाने पुन्हा सिद्ध झाले.

नव्या शतकातील स्थान

नव्या सहस्रकाच्या सुरुवातीला दलाच्या नावात ‘इलेक्ट्रिकल’च्या जागी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ आले. रडार, लेझर, संगणकीकृत नियंत्रण, रात्रीच्या दुर्बिणी असे काम आता मोठे झाले होते. २०१७ मध्ये लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार बेस वर्कशॉप, अ‍ॅडव्हान्स बेस वर्कशॉप आणि स्थायी कार्यशाळांच्या पुनर्रचनेला संरक्षण मंत्रालयाने मंजुरी दिली. दुरुस्तीची साखळी लहान, वेगवान आणि पुढे सरकणारी करणे हा त्यामागील हेतू होता.

रायफलीही बदलत आहेत. २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला. त्याच वर्षी ३ मार्च रोजी अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथील एके-२०३ रायफलींच्या प्रकल्पाचा प्रारंभ झाला आणि २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली देशात बनवण्याचा करार झाला. २०२४ च्या मध्यापर्यंत सुमारे ३५,००० रायफली लष्कराला मिळाल्या. या मालिकेतील रायफलींच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो, त्यामुळे गंज आणि झीज कमी होते. तरीही पिस्टनवरची काजळी, मॅगझिनचे ओठ, स्प्रिंगची ताकद आणि चेंबरची स्वच्छता हे मुद्दे पॉइंट ३०३ च्या काळाइतकेच महत्त्वाचे राहिले आहेत. नव्या रायफलींसाठी नवे गेज, नवे पाठ्यक्रम आणि नव्या सुट्या भागांची साखळी उभारणे हे दलाचे आजचे काम आहे.

१९४३ पासून दलाने हजारो आर्मोरर घडवले. बहुतेकांची नावे युद्धाच्या इतिहासात येत नाहीत. पदके त्यांच्या छातीवर क्वचितच चढतात. पण प्रत्येक पलटणीच्या कोतात त्यांचे एक टेबल असते आणि प्रत्येक जवान गस्तीवर निघण्यापूर्वी त्यांच्या तपासणीवर विसंबून असतो. नळीत फिरलेली चिंधी, मोजून घेतलेला ट्रिगर, बदललेली माशी आणि पेटीतल्या रायफलीवर चढवलेली ग्रीस हे या दलाचे काम आहे, आणि भारतीय पायदळाचा भरवसा त्यावर उभा आहे. खडकी, सिकंदराबाद, बडोदा आणि सीमेवरील कार्यशाळांत काम केलेल्या निवृत्त आर्मोररनी आपल्या हातचे कसब, गेजांच्या सवयी आणि आघाडीवरचे अनुभव लिहून ठेवावेत. पॉइंट ३०३ वर काम केलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे, आणि त्यांचे ज्ञान पुढच्या क्राफ्ट्समनच्या हाती पोहोचवणे ही आता दलाची आणि समाजाची सामायिक जबाबदारी आहे.